स्पर्शाचा दिवस

"लागलं?" मायनं विचारलं.

"लागलं."

"आता?"

"लागलं न माय. बस कर."

मायनं बाभळीचा काटा चुलीत टाकला, माझी डावी बाही मनगटापर्यंत ओढली आणि बटण लावलं. मग ती हसली. दर सोमवारी सकाळी दार लावून आमचं हे चालायचं. माझ्या डाव्या हातावर, कोपराच्या खाली, विड्याच्या पानाएवढा एक फिकट चट्टा होता. माय रोज त्यावर करंजीचं तेल चोळायची आणि सोमवारी काटा टोचून पाहायची. मी "लागलं" म्हटलं की तिचा चेहरा सैल पडायचा. एरवी ती फारशी हसत नसे.

मला लागत नव्हतं. वर्षभरापूर्वी, अगदी पहिल्यांदा, मी तसं खरं सांगितलं होतं. तेव्हा माय भिंतीला टेकून खाली बसली आणि दुपारपर्यंत उठली नाही. पुढच्या सोमवारपासून मी काट्यावर नजर ठेवू लागले. काटा कातडीला टेकला की म्हणायचं, लागलं. सोपं होतं.

"कोनाले दाखवायचं नाही," माय दर वेळी बजावायची.

"तारकालेबी नाही?"

"कोनालेच नाही."

"काहून?"

"सांगितलं न एक वेळ."

मी तिसरीत होते, आठ वर्षांची. आमचं गाव ब्रह्मपुरीच्या पुढे, जंगलाला लागून. शाळेला दोन खोल्या आणि दोन शिक्षक. थोरले गहाणे गुरुजी, आणि त्याच वर्षी चंद्रपूरहून आलेल्या खोब्रागडे बाई. बाई वयानं लहान होत्या, सायकलवरून यायच्या आणि आम्हाला कधी मारत नसत. गावात त्यांना सगळे मान देऊन बोलत, पण आमच्या आळीत कोणी घरात बोलावत नसे. का, ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलून दाखवत नव्हतं.

होळी होऊन गेली होती. शाळा सकाळची झाली होती. त्या सोमवारी बाईंनी भिंतीवर मोठा कागद लावला. डाव्या बाजूला आम्हा सव्वीस जणांची नावं आणि पुढे पाच रकाने.

"या आठवड्यात पुस्तक उघडायचं नाही," बाई म्हणाल्या. "आज डोळे, उद्या कान, परवा नाक, गुरुवारी जीभ आणि शुक्रवारी त्वचा. रोज एक खेळ. खेळलं की नावापुढे एक टिकली. पाच टिकल्या झाल्या की शनिवारी रंगीत खडू मिळेल, आख्खा."

आख्खा रंगीत खडू आमच्यापैकी कोणाच्या हातात कधी आला नव्हता.

सोमवारी बाईंनी भिंग आणलं होतं. आम्ही मुंगी पाहिली, मिठाचा खडा पाहिला. मग जो तो आपल्या हाताची कातडी पाहू लागला. तारका माझी शेजारीण, घरानं आणि बाकानंही. तिनं माझी डावी बाही धरली. "वर कर न कुंदा, तुझी पाहू."

मी उजवा हात पुढे केला. त्यावरच्या लवेचं केवढं जंगल दिसलं! माझ्या नावापुढे निळी टिकली लागली.

मंगळवारी बाईंनी आम्हाला अंगणात कडुनिंबाखाली बसवलं. डोळे मिटायचे, पाच मिनिटं एक शब्द बोलायचा नाही, आणि काय काय ऐकू आलं ते मग सांगायचं. मी डोळे मिटले. लांब कोणीतरी लाकूड फोडत होतं. होले घुमत होते. मग पाठीमागच्या ओसरीवरून गहाणे गुरुजींचा दबका आवाज आला.

"बाई, त्या गुरनुल्याच्या पोरीच्या बाह्या पाहिल्या का? एवढ्या उन्हाच्या. हातभर लांब."

"आईनं शिवल्या असतील," बाई म्हणाल्या.

"काही लपवायचं असलं की अशाच असतात. मी तीस वर्षं नोकरी केली या भागात. पाहून ठेवा एवढंच म्हणतो."

पाच मिनिटं झाली. होमराजला कुऱ्हाड ऐकू आली होती, तारकाला होला. बाईंनी मला विचारलं, "कुंदा, तुला?"

"पाखरू," मी म्हणाले.

बाई माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिल्या. मग हिरवी टिकली लावली.

घरी आल्यावर मी मायला गुरुजींचं बोलणं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर शाळा बंद झाली असती.

बुधवारी नाकाचा खेळ होता. बाई आपल्या जुन्या ओढणीची पट्टी डोळ्यांवर बांधायच्या आणि हातात वाटी द्यायच्या. कांदा, रॉकेल, मोहफूल, साबण. माझी पाळी आली तेव्हा मला कळलं, की नाकाजवळ पट्टीला एक फट राहते आणि मान जराशी वर केली की खालचं सगळं दिसतं. मला बरं वाटलं. शुक्रवारी त्वचेचा खेळ होता आणि त्यातही ही पट्टी असणार होती.

माझ्या मागून होमराज आला. तो वर्गातला सगळ्यात दांडगट आणि सगळ्यात हुशार. पट्टी बांधल्यावर तो वाट्या सोडून रांगेतून हुंगत फिरायला लागला. सगळी पोरं खिदळत होती. माझ्यासमोर येऊन तो थांबला.

"इथं करंजीचं तेल आहे."

"ते वाटीत नाहीच," बाई हसून म्हणाल्या.

"हिच्या हाताले येते."

बाईंचं हसू थांबलं. "जागेवर बस," त्या त्याला म्हणाल्या.

गुरुवारी जिभेचा खेळ. गूळ, मीठ, चिंच झालं आणि कडू म्हणून बिनसाखरेचा काळा चहा द्यायचा होता. तो ओसरीवरच्या स्टोव्हवर उकळत होता. बाईंनी स्टीलच्या पेल्यात ओतून ठेवला आणि होमराजला सांगितलं, आत आण. त्यानं बोट लावलं आणि झटकलं.

"भाजते बाई."

"थांब, मी फडकं आणते," असं म्हणून बाई आत वळल्या.

तेवढ्यात मी पेला उचलला. मला बाईंना दाखवायचं होतं की होमराजपेक्षा मी धीट आहे. डाव्या हातात, करंगळीच्या बाजूला तोलून मी ओसरी ओलांडली, वर्गात गेले आणि टेबलाजवळ उभी राहिले. बाईंनी पेला घेतला आणि किंचाळून सोडला. चहा टेबलभर झाला.

"अगं, केवढा चटका बसतोय! तू कसा आणलास?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. माझी करंगळी आणि शेजारचं बोट लालभडक झालं होतं.

"दुखत नाही?" बाईंनी विचारलं.

"दुखते न," मी म्हणाले. पण मला ते म्हणायला उशीर झाला होता, आणि तो उशीर बाईंच्या लक्षात आला होता.

दुपारपर्यंत करंगळीवर द्राक्षाएवढा फोड आला. मायनं तो पाहिला. काय झालं, कसं झालं, काहीच विचारलं नाही. फोडाकडे पाहत ती म्हणाली, "उद्यापासून शाळा नाही."

"उद्या शेवटची टिकली आहे माय."

"नाही म्हटलं न."

शुक्रवारी माय पहाटेच टोपली घेऊन मोहफुलं वेचायला गेली. त्या दिवसांत गावातल्या सगळ्याच बाया जात. बाबा चंद्रपूरकडे कोळशाच्या खाणीत होते, महिन्यातून एकदा यायचे. घरात मी एकटी. तारका हाक मारायला आली तेव्हा मी दाराआडून सांगितलं, ताप आहे. ती गेली. मी चुलीपाशी बसून राहिले. भिंतीवरचा तो कागद डोळ्यांपुढून हलेना. चार टिकल्या, आणि पाचवी जागा रिकामी. शाळेची दुसरी घंटा ऐकू आली आणि मी कुंपणातून बाहेर पडून पळत सुटले.

वर्गात जोड्या पाडल्या होत्या. एकानं पट्टी बांधून हात पुढे करायचा, दुसऱ्यानं पीस किंवा कापूस किंवा काडी टेकवायची. कुठे टेकली, ते पहिल्यानं सांगायचं. तारकाची जोडी दुसऱ्या मुलीबरोबर झाली होती. उरला होता होमराज.

मला पाहून बाई एकदम उठल्या. "कुंदा, तुला बरं नाही ना? तू आज नको खेळूस. टिकली देते मी तुला."

"नाही बाई, मी खेळते."

आज वाटतं, बाईंनी मला तेव्हाच बाजूला घ्यायला हवं होतं. त्यांनाही तसं वाटलं असेल. पण तेवढ्यात मागच्या बाकांवर दोन पोरं भांडू लागली आणि त्या तिकडे गेल्या. होमराजनं माझ्या डोळ्यांवर पट्टी बांधली.

उजवा हात झाला. पीस, कापूस, काडी, सगळं बरोबर. मग तो म्हणाला, "डावा."

"उजव्यावर झालं न."

"डावा दे म्हटलं. भेते का?"

मी डावी बाही वर केली आणि मान उचलून फटीतून पाहू लागले. काडी आली. "मनगटाजवळ," मी म्हणाले.

"चोरटी! खालून पाहते," असं म्हणून त्यानं आपला डावा पंजा माझ्या डोळ्यांवर दाबला.

आता सगळा अंधार होता. मी वाट पाहिली.

"कुठं?" त्यानं विचारलं.

"अजून टेकवलंच नाही तू."

कोणीतरी हसलं. मग हसणं थांबलं. बाकं सरकल्याचे आवाज आले, पोरं आमच्याभोवती गोळा झाली असावीत.

"आता?"

"टेकव न आधी."

त्यानं पंजा काढला. त्याच्या उजव्या हातात पेन्सिल होती आणि तिचं टोक माझ्या चट्ट्यात रुतलं होतं. त्यानं ती उचलली. तिथे काळा ठिपका होता, त्यातून रक्ताचा थेंब वर आला.

"हिले लागतच नाही!" होमराज ओरडला. त्याच्या आवाजात राग नव्हता, वाईटपणाही नव्हता. जत्रेत काहीतरी अजब पाहिल्यासारखा तो खूश झाला होता. "बाई, हिले लागतच नाही!"

"मी पाहू? मी पाहू?" सगळ्यांनाच टोचून पाहायचं होतं. दोघातिघांनी माझा हात धरलाही. मीसुद्धा हसत होते, हे मला नीट आठवतं. एवढं कौतुक माझं कधी झालं नव्हतं.

"सोडा तिला!" बाईंचा असा आवाज आम्ही कधी ऐकला नव्हता. त्यांनी पोरांना बाजूला केलं, माझा हात आपल्या हातात घेतला, रक्त आपल्या पदरानं पुसलं. चट्ट्यावरून बोट फिरवलं. मग कोपराच्या आतल्या बाजूला दाबून पाहिलं, आणि मी जोरात ओरडले. तिथे मात्र फार दुखलं.

आवाज ऐकून गहाणे गुरुजी दारात आले होते. त्यांनी माझा उघडा हात पाहिला. ते आत आले नाहीत.

"बाई," ते म्हणाले, "हात धुऊन या."

बाईंनी माझा हात सोडला नाही.

"साबणानं धुवा म्हणतो. आणि पोरांनो, तुम्ही घरी जा. आज शाळा सुटली. तू थांब गं, गुरनुले. तू कोणाला शिवू नको."

पोरं दप्तरं उचलून निघाली. जाताना सगळ्यांनी माझ्यापासून लांबचा वळसा घेतला. तारकानंही. गुरुजींनी फक्त चार-दोन वाक्यं म्हटली होती, पण तेवढी पुरली.

बाई मला घेऊन आमच्या घरी आल्या. माय नुकतीच परतली होती, अंगणात मोहफुलं पसरवत होती. बाईंना पाहून ती उभी राहिली. बाई थांबल्या नाहीत. ओसरी ओलांडून सरळ आमच्या चुलीपर्यंत गेल्या. मायनं अडवलं नाही. मागोमाग येऊन दार लावलं.

"कोनी पाहिलं?" मायनं विचारलं.

"सगळ्या वर्गानं."

मायनं डोळे मिटले.

"यावर गोळ्या आहेत," बाई म्हणाल्या. "सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. पूर्ण बरं होतं. मी खोटं सांगत नाही."

"बरं होऊनच राहिलं आहे. तेल लावून राहिली मी."

"तेलानं होत नाही ते. आणखी थांबलात तर बोटं वाकतील हिची."

"तुम्हाले काय माहीत जी? गाव काय करते ते तुम्हाले काय माहीत?"

"गाव काय करतं ते मला तरी सांगू नका," बाई हळू म्हणाल्या.

मायनं माझा हात ओढून घेतला आणि एकदम म्हणाली, "लागते तिले. दर सोमवारी पाहते मी. पहिले लागत नव्हतं, आता लागते. सांग न कुंदे बाईले. लागते न तुले?"

मी बाईंकडे पाहिलं, मायकडे पाहिलं. "लागते" म्हणायला माझं तोंड उघडलं होतं. का कोण जाणे, वर्गातला तो कागद पुन्हा डोळ्यांपुढे आला, आणि मला वाटलं, की आता टिकली मिळणारच नाही, तर कशाला.

"नाही लागत," मी म्हणाले. "काटा पाहून सांगत होती मी."

मायला ते खरं वाटलं नाही. तिनं सरपणातून बाभळीची काटकी ओढली, काटा मोडला, मला मांडीवर ओढून माझे डोळे आपल्या हातानं झाकले. तिच्या बोटांना मोहाचा गोड, कुजकट वास येत होता. मी वाट पाहिली. तिचा श्वास माझ्या मानेवर जोरजोरात येत होता. बराच वेळ झाला.

"टोच न माय," मी म्हणाले.

तिचा हात डोळ्यांवरून गळून पडला. माझ्या चट्ट्यावर पाच लाल ठिपके होते.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, गहाणे गुरुजींनी बाईंना रजा दिली नाही. बाईंनी डॉक्टरांच्या नावानं चिठ्ठी लिहून दिली आणि आम्ही दोघीच निघालो. आरोग्य केंद्र बाजाराच्या गावी, सहा किलोमीटर. सकाळची एसटी होती, पण माय म्हणाली, पायी जाऊ. एसटीत गावचे लोक असतात.

केंद्राच्या भिंतीवर निळ्या रंगात मोठी अक्षरं होती. मी एकेक जोडून वाचली. कु-ष्ठ-रो-ग. अर्थ मला कळला नाही. "माय, हे काय असते?" मायनं माझ्या तोंडावर हात ठेवला.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी कापूस फिरवला, कोपर दाबलं, बोटं ताणून पाहिली. मग म्हणाले, "सहा महिने गोळ्या. एक दिवस चुकवायचा नाही. चट्टा जाईल. हिच्यापासून कोणाला भीती नाही, घरात वेगळं ठेवायचं नाही." मग करंगळी सरळ करून सोडली. ती पुन्हा वाकली. "कोपरातल्या नसेला सूज आहे, त्यामुळे ही दोन बोटं मात्र पूर्ण सरळ होतील असं सांगत नाही. किती दिवस झाले याला?"

"वर्स झालं," माय म्हणाली.

"वर्षभर थांबलात? का?"

मायनं माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

"मले समजलं नाही जी," ती म्हणाली.

डॉक्टर तिच्यावर रागावले, बरंच बोलले. ती ऐकून घेत राहिली.

सहा महिन्यांत चट्टा गेला. दोन बोटं वाकलेलीच राहिली, आजही आहेत. दवाखान्यानंतरच्या सोमवारी मी शाळेत गेले तेव्हा सव्वीसांपैकी नऊ जण आले होते. बाईंनी मला आपल्या टेबलाशेजारी बसवलं आणि नेहमीसारखं शिकवलं. पालकांनी अर्ज केला, की बाई मुलांना टोचाटोचीचे खेळ शिकवतात. जूनमध्ये त्यांची बदली झाली. तारका परत माझ्याशेजारी कधी बसली नाही. आम्हीही दोन वर्षांनी बाबांच्या खाणीकडे राहायला गेलो. पण हे सगळं नंतरचं. त्या शनिवारी आम्ही दोघी गोळ्यांची पाकिटं घेऊन भर उन्हात परत येत होतो.

अर्ध्या वाटेवर नाला आहे. मोहाच्या एका झाडाखाली माय बसली. मीही बसले.

"काहून खोटं सांगत होती?" तिनं विचारलं.

"तू हसत होती न मग."

नाल्याच्या पलीकडे मायच्या माहेरगावचं, लाखोळीची डाळ कापून झालेलं वावर होतं, ती त्याकडे पाहत राहिली.

"मले एक बहीण होती," ती म्हणाली. "भागू. तिच्या पायाले होता चट्टा. ती दहाची, मी आठची. गावानं सांगितलं, घरात ठेवायची नाही. बाबानं तिले त्या वावरात झोपडी घालून देली. भाकर मी नेत होती. दगडावर ठेवायची आन् मागं फिरायचं. ती म्हने, थांब न, बोल न जराशी. मी थांबत नव्हती."

"मग?"

"पोरी म्हनाल्या, तुलेबी होईल. मग एक दिवस मी गेलीच नाही. भाकर या नाल्यात टाकली आन् घरी सांगितलं, देली म्हनून. दुसऱ्या दिवशीबी तसंच. तिसऱ्या दिवशीबी." तिनं पदरानं तोंड पुसलं. "चौथ्या दिवशी बाबा सोता गेला. झोपडीत कोनी नव्हतं. लय धुंडलं. मी भाकर टाकली, ते आजवर कोनाले माहीत नाही."

मी तिच्याजवळ सरकले. ती उठली, लुगडं झटकलं, गोळ्यांची पिशवी उचलली.

"आठ वर्साचं लेकरू," ती म्हणाली.

मी वाट पाहिली, पण कोणाबद्दल ते तिनं सांगितलं नाही.